त्रिदल आणि चौथं पान

श्रावणात कर्जत-खोपोली पट्ट्यातल्या एका गावी बहिणीच्या सासरी गेलो होतो. लावणी उरकली होती. बांधावरून चालताना भाचीने खाचरातल्या पाण्यातून एक देठ उपटला आणि ओरडली, "मामा, चार पानांचं! लकी!"

अधिकच्या चिन्हासारखी चार पानं. मी "वा!" म्हटलं खरं, पण खाचरात पाहिलं तर तिथे सगळीच चार पानांची. नशीब इतकं स्वस्त कसं?

संध्याकाळी शोधल्यावर कळलं, ते क्लोव्हर नव्हेच. ती मार्सिलिया, नेच्यांच्या कुळातली, भातातलं नेहमीचं तण. चार पानं हा तिचा नियमच. बांधावरची आंबुशी तीन पानांची, पण तीही क्लोव्हर नव्हे. खरं क्लोव्हर आपल्या मेथीच्या नात्यातलं. मेथी निवडताना बघा, तिलाही तीनच.

मग शॅमरॉक म्हणजे काय आणि लकी क्लोव्हर म्हणजे काय? मी इतकी वर्षं दोन्ही एकच समजत होतो. शॅमरॉक हा आयरिश शब्द, अर्थ 'छोटं क्लोव्हर'. ते तीन पानांचंच. पाचव्या शतकातल्या सेंट पॅट्रिकने म्हणे ते हातात धरून लोकांना समजावलं, की देव एक आणि रूपं तीन. ही कथा लिहिलेली सापडते ती मात्र थेट १७२६ साली! नेमकी वनस्पती कोणती यावरही एकमत नाही. १८९३ आणि १९८८ साली आयर्लंडभरातून लोकांकडून 'खरं शॅमरॉक' मागवलं, तर दोन्ही वेळा एकाहून जास्त जातींची झाडं आली.

लकी क्लोव्हर म्हणजे त्याच कुळातल्या झाडाला चुकून आलेलं चौथं पान. साधारण पाच हजारांत एक. थोडक्यात, शॅमरॉक हा नियम आणि लकी क्लोव्हर हा अपवाद.

इतिहासात दोघांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. १७९८च्या उठावाच्या काळात हिरवा रंग आणि शॅमरॉक इंग्रजी सत्तेविरुद्धची खूण बनले. पुढे बोअर युद्धात आयरिश पलटणींनी पराक्रम गाजवला, तेव्हा १९०० साली खुद्द व्हिक्टोरिया राणीनेच हुकूम काढला, की त्यांनी १७ मार्चला शॅमरॉक लावावं. तीन पानांमागे असा अख्खा देश उभा राहिला. चार पानांचं मात्र ज्याला सापडलं त्याच्या पाकिटात जाऊन बसलं.

हे वाचताना मला आजी आठवली.

खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेल्या तळ्याकाठी महादेवाचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी आजी तिथे बेल घेऊन जायची. आदल्या रात्री निवडायला बसायची. फाटका, किडका बाजूला; तिन्ही दलं धड असलेलाच टोपलीत. त्रिदल! पान एक, दलं तीन. पॅट्रिकने हेच तर सांगितलं होतं.

एकदा चार दलांचा बेल निघाला. असा बेल फार शुभ, लोक जपून ठेवतात, हे मी ऐकून होतो. माझं दहावीचं वर्ष. मी तो मागितला. आजी म्हणाली, "देवाच्या टोपलीत आलं ते देवाचं," आणि बाकीच्या पानांत मिसळून टाकला.

ती झोपल्यावर मी तो शोधून काढला आणि गणिताच्या पुस्तकात ठेवला. गणितात जेमतेम पास झालो. आजीला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सकाळी टोपली उचलताना तिने एकदा पानं चाळली होती आणि काही न बोलता निघाली होती, एवढं मात्र आजही डोळ्यांसमोर आहे.

असो. भाचीला खरं सांगावं की नाही, या विचारात होतो. तिने ते देठ पेल्यात ठेवलं होतं. मार्सिलिया रात्री पानं मिटते. झोपायच्या आधी ती बघून आली आणि हळूच म्हणाली, "मामा, लकी झोपलं."

म्हटलं, सकाळी सांगू.