बॅटरीची खिट्टी

पडलेला ड्रोन घेऊन येणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. "काका, बॅटरी साठ टक्के होती हो, आणि एकदम खालीच आला." पुण्यात तपकीर गल्लीच्या मागे माझं दुरुस्तीचं टेबल आहे. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं, जमीन मोजणारे, हल्ली फवारणीवाले, सगळ्यांची तक्रार हीच. ते खोटं बोलत नाहीत. लॉग उघडला तर साठ टक्केच दिसतात, आणि पुढच्या ओळीत काहीच नसतं. नोंदच तुटलेली.

मी मूळचा मॉडेल विमानांचा. एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्साचं लाकूड कापत मोठा झालो. मेथनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालणारं छोटं इंजिन हवेत बंद पडणं, म्हणजे आमच्या भाषेत डेडस्टिक, ही तेव्हा रोजची गोष्ट. नाक जरासं खाली दाबायचं, वेग सोडायचा नाही, आणि मोकळं रान बघून उतरवायचं. पंख होते ना! हेलिकॉप्टरलाही अशी सोय आहे. इंजिन गेलं तर पायलट पात्यांचा कोन बदलतो, खालून येणारी हवा पाती फिरती ठेवते आणि जमिनीजवळ त्याच फिरण्यातला जोर वापरून टेकता येतं.

चार पंख्यांच्या ड्रोनकडे यातलं काहीच नाही. त्याच्या पात्यांचा कोन कायमचा पक्का. तोल राहतो तो केवळ मोटरींचा वेग क्षणाक्षणाला कमी-जास्त करून. म्हणून तर हे यंत्र इतकं स्वस्त आणि आटोपशीर झालं. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरचा दांड्या-बेअरिंगांचा सगळा पसारा गेला. त्याच्याबरोबर सावरून उतरण्याची सोयही गेली. वीज गेली की नारळ पडावा तसा तो पडतो.

विजेवरच्या उड्डाणाच्या जुन्या लोकांना हा घोर नव्हता. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' नावाचं मॉडेल चांदी-जस्ताच्या बॅटरीवर उडवलं. रेडिओने चालवलेल्या विद्युत विमानाचं हे पहिलं नोंदलेलं उड्डाण मानतात. ऑक्टोबर १९७३ मध्ये ऑस्ट्रियात हाइनो ब्रिडिट्श्का निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांवर स्वतः बसून उडाला. सगळं मिळून पंधरा मिनिटंसुद्धा नाहीत, पण ते विमान मुळात ग्लायडरवरून घडवलेलं. बॅटरी संपली असती तरी तो घसरत खाली आला असता. बॅटरी दुबळी आणि पंख भक्कम, असा तो काळ.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली आणि पुढे हे गणित उलटलं. बॅटरी इतकी ताकदवान झाली की पंखांची गरजच उरली नाही. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या डीजेआय कंपनीच्या पहिल्या फँटम ड्रोनला मागे एक छोटं दार होतं. बॅटरी आत सरकवायची, पिवळा एक्सटी-६० कनेक्टर हाताने दाबायचा आणि दार लावायचं. तो कनेक्टर पुरता बसला नाही तरी मोटरी फिरायच्या, ड्रोन उडायचा, आणि मग एखाद्या वळणावर सुटायचा. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या फँटम-२ मध्ये बॅटरी कप्प्यात सरकायला लागली, तिच्यावर चार दिवे आले, आत स्वतःचा हिशेब ठेवणारी चिप आली.

त्या हिशेबाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात. चिप किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला हे मोजते आणि टक्केवारी सांगते. तो अंदाज असतो. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट, खूप खाली उतरवला की तो खराब होतो. सेल म्हातारा झाला किंवा थंडीत गारठला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. मग वाऱ्याविरुद्ध स्टिक पूर्ण ढकलली की व्होल्टेज क्षणात कोसळतं. सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने त्यातला एक कमजोर निघाला तरी सगळी माळ त्याच्यापायी बसते. आणि वीज एका सेकंदापुरती जाऊन परत आली तरी उपयोग शून्य. आतला संगणक पुन्हा सुरू होत असतो, मोटरी बंद असतात, आणि जमीन तोवर थांबत नाही.

आपल्याकडच्या या पडझडीचा इतिहास कुठे लिहिलेला सापडत नाही, त्याला कारण आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्या हवाई वाहतुकीच्या नियामकाने, खासगी ड्रोन-उड्डाणांना मनाई केली. लग्नांतले ड्रोन काही थांबले नाहीत. पण जे उडवायलाच नको होतं ते पडलं म्हणून सांगायला कोण जाणार? परवानगीची चौकट डिसेंबर २०१८ मध्ये लागू झाली, सुटसुटीत नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले. मधल्या काळाची दप्तरं आमच्यासारख्यांच्या टेबलांवर, मोडक्या भुजांच्या रूपात.

म्हणून दाखला बाहेरचा घ्यावा लागतो, आणि गोप्रोच्या कर्माइतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. कॅमेऱ्यांत नाव कमावलेल्या या अमेरिकन कंपनीने २३ ऑक्टोबर २०१६ ला कर्मा विकायला काढला, कॅमेऱ्याशिवाय ७९९ डॉलर. ८ नोव्हेंबरला, म्हणजे ट्रम्प निवडून आले त्याच दिवशी, विकलेले सुमारे २,५०० ड्रोन कंपनीने परत मागवले. काही ड्रोन उडता उडता वीज जाऊन पडले होते. निवडणुकीच्या गदारोळात बातमी दबली, हे कंपनीला सोयीचंच झालं असणार. सगळ्यांनी लिथियमवर बोट ठेवलं. त्याच सुमारास सॅमसंगचा नोट-७ फोन पेटत होता, त्यामुळे संशय साहजिक. निघालं भलतंच. सेल ठणठणीत होते. बॅटरी धरून ठेवणारी खिट्टी कंपनांनी सैल होत होती, बॅटरी किंचित हलायची आणि संपर्क तुटायचा. नवी खिट्टी बसवून कर्मा फेब्रुवारी २०१७ मध्ये परत आला. पण कर्मा जाहीर झाल्यावर जेमतेम आठवड्याने डीजेआयने घडीचा माविक दाखवला होता. गोप्रोने जानेवारी २०१८ मध्ये ड्रोनचा धंदाच सोडला.

डीजेआयचंही सगळं सुरळीत नव्हतं. छोटा स्पार्क हवेत बंद पडत असल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने सॉफ्टवेअर बदललं, आणि १ सप्टेंबरपर्यंत ते न घेणाऱ्याचा ड्रोन उडणारच नाही अशी व्यवस्था केली. मला ते धाडस आवडलं. ग्राहकाच्या उडवण्यात मोडता घालून त्याचं डोकं वाचवणारा दुकानदार मी फारसा पाहिलेला नाही.

मेट्रिस २०० मालिकेचं प्रकरण जास्त अवघड. या ड्रोनला दोन बॅटऱ्या. एक गेली तर दुसरीवर उतरता यावं म्हणून. पोलीस आणि अग्निशमन दलं तो वापरत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या हवाई प्राधिकरणाने इशारा काढला: टीबी-५० आणि टीबी-५५ बॅटऱ्यांवरचे काही ड्रोन, पडद्यावर पुरेसा वेळ शिल्लक दिसत असताना, पूर्ण वीज जाऊन पडले. सॉफ्टवेअर दुरुस्त झालं. तोवरचा हुकूम मात्र साधा होता: हे ड्रोन लोकांच्या डोक्यावरून नेऊ नका.

लग्नवाल्या पोरांना मी तेच सांगतो. त्यांचं उत्तर तयार असतं: "काका, वरात वरूनच घ्यायला सांगितलीय."