पेशींच्या थैल्या आणि बायकांचे आजार

आपल्या शरीरातल्या पेशी अगदी बारीक थैल्या बाहेर सोडत असतात. डॉक्टरी भाषेत त्यांना एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स म्हणतात. त्यातल्या सर्वांत लहान त्या एक्झोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. साध्या मायक्रोस्कोपखाली त्या दिसत नाहीत. पूर्वी वाटायचं, पेशी यातून नुसता कचरा टाकते. पण या थैल्यांत प्रथिनं आणि मायक्रो आरएनए असतात. एका पेशीची थैली दुसरीत गेली की दुसरीचं वागणं बदलू शकतं.

अंडाशयाचा कॅन्सर : हा बहुतेक पोटातल्या पोटात पसरतो. पोटात पाणी झालं की त्या पाण्यात या थैल्या भरपूर सापडतात. त्या पोटाच्या आतल्या अस्तराला बिघडवतात, मग कॅन्सरच्या पेशींना तिथे चिकटणं सोपं जातं. नव्या रक्तवाहिन्या फुटायलाही त्या मदत करतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती मंद करतात.

एंडोमेट्रिओसिस : गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यावर वाढतं. पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना हा त्रास असतो. हा कॅन्सर नव्हे. पण इथेही थैल्या तशाच कामाला येतात : रक्तवाहिन्या वाढवतात, सूज टिकवतात.

तपासणी : सीए-१२५ ही रक्ततपासणी दोन्ही आजारांत वाढलेली येऊ शकते, पाळीतसुद्धा वाढते. म्हणून तिच्या एकटीवर निदान होत नाही. पॅप स्मिअर गर्भाशयाच्या मुखासाठी असते, अंडाशयाचा कॅन्सर तिच्यात कळत नाही. रक्तातल्या थैल्या वाचून आजार लवकर ओळखता येईल, अशी आशा आहे. पण निरोगी पेशीही थैल्या सोडतात, त्यातून आजाराच्या नेमक्या वेगळ्या काढणं कठीण. त्यामुळे ही तपासणी अजून रोजच्या वापरात नाही.

तोवर काय करायचं? पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला होणं, हे काही आठवडे चाललं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. पाळीत मुलगी अंथरुणाला खिळत असेल तर "लग्न झालं की थांबेल" असं तिला सांगू नका. हिब्रू जमत नाही म्हणून मुलाला किंवा सुनेला सोबत नेलं, की आपल्या बायका लाजून अर्धंच सांगतात. घरीच मराठीत सगळं लिहून काढा, भरवशाच्या बाईकडून हिब्रूत करून घ्या आणि तो कागद कुपात खोलिमच्या डॉक्टरांच्या हातात द्या.