बालकल्याण कायद्यातील वकिली (कोल्हापूर)
काळजी व संरक्षणाची गरज असलेली, तसेच विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे कायदा मोडल्याचा आरोप असलेली किंवा तसे सिद्ध झालेली, 18 वर्षांखालील बालके यांच्यासंबंधीची वकिली. अमेरिकेत या शाखेतील अनुभवी वकिलांना परीक्षेनंतर तज्ज्ञतेचे प्रमाणपत्र मिळते. भारतात मात्र अधिवक्ता अधिनियम, 1961 ज्येष्ठ अधिवक्ते व इतर अधिवक्ते असे दोनच वर्ग मानत असल्याने कोल्हापुरातील वकिलाचे बालविषयक प्रावीण्य सनदेवर कोठेच उमटत नाही. पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) अधिनियम, 2012 च्या कलम 32 नुसार विशेष सरकारी अभियोक्त्याची किमान 7 वर्षे वकिली झालेली असावी लागते, पण कलम 40 ने बालकाच्या कुटुंबाला स्वतःचा वकील देण्याचा जो हक्क दिला, त्या वकिलाला अशी कोणतीही अट नाही, आणि हा असमतोल खटकणारा आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 खालील बालकल्याण समिती (एक अध्यक्ष व चार सदस्य) दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेले न्यायपीठ म्हणून बसते. याच अधिनियमाच्या 2021 च्या दुरुस्तीने दत्तकाचे आदेश न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात भरू लागल्याने बालकांच्या प्रकरणांतील उच्च न्यायालयापुढील अपिलांसाठी पक्षकारांना मुंबई गाठावी लागत नाही.