एज कॉम्प्युटिंग : साधनवाटप आणि मशीन लर्निंग

मोबाइलचा टॉवर, दूरसंचार कंपनीचे स्थानिक एक्स्चेंज, कारखान्यातील गेटवे अशा, माहिती निर्माण होते त्या जागेच्या जवळच छोटे सर्व्हर बसवून तिथेच संगणन करण्याच्या पद्धतीला एज कॉम्प्युटिंग म्हणतात. या विखुरलेल्या सर्व्हरांची प्रोसेसर-शक्ती, मेमरी व साठवण आणि त्यांच्यापर्यंत नेणारी बिनतारी बँडविड्थ अनेक वापरकर्त्यांत कशी वाटायची, हा साधनवाटपाचा प्रश्न होय. मागणी आणि रेडिओची स्थिती दोन्ही सतत बदलत असल्यामुळे हे वाटप एकदा ठरवून कायम ठेवता येत नाही. म्हणून त्यासाठी अनुभवावरून आपले निर्णय सुधारत जाणाऱ्या मशीन लर्निंगच्या पद्धती वापरल्या जाऊ लागल्या.

उगम : वापरकर्त्याच्या जवळ जाण्याची कल्पना आधी साठवणीपुरती होती. एमआयटीतील टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या अकामाई कंपनीने वेब पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर ठेवायला सुरुवात केली. संगणनही जवळ आणावे, हा विचार कार्नेगी मेलन विद्यापीठातील महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘क्लाउडलेट’ या नावाने मांडला. फोनपासून एकाच बिनतारी टप्प्यावर असलेला, फोनची जड कामे उचलणारा छोटा सर्व्हर, असे त्याचे स्वरूप होते. सिस्कोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘फॉग कॉम्प्युटिंग’ ही संज्ञा रूढ केली. एट्सी या युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने २०१४ मध्ये ‘मोबाइल एज कॉम्प्युटिंग’साठी गट नेमला. वाय-फाय आणि तारेच्या जोडण्याही कक्षेत आल्याने २०१७ मध्ये त्यातील ‘मोबाइल’ शब्दाच्या जागी ‘मल्टि-ॲक्सेस’ हा शब्द आला.

संगणन जवळ आणण्याचे पहिले कारण विलंब हे आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो. नागपूर ते मुंबई हे रस्त्याचे अंतर सुमारे ८०० किमी. आहे. केबल रस्त्याच्या कडेने सरळ गेली असे धरले, तरी नागपुरातून नवी मुंबईच्या डेटा सेंटरपर्यंत जाऊन परतण्यात ८ मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात. वाटेतील राउटर, रांगा आणि रेडिओचा टप्पा यांची भर वेगळी. डोक्यावरच्या आभासी वास्तवाच्या उपकरणात मान वळल्यावर चित्र साधारण २० मिलिसेकंदांच्या आत बदलावे लागते, नाही तर पाहणाऱ्याला गरगरू लागते. अशा वेळी ते ८ मिलिसेकंद परवडत नाहीत. व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या बाबतीत कारण निराळे असते. तिथे विलंबापेक्षा, शेकडो कॅमेऱ्यांचे चित्रण दूरवर पाठवत राहण्याचा बँडविड्थचा भार अधिक जाचक ठरतो.

तुटवड्याचे स्वरूप : मोठ्या डेटा सेंटरमध्ये असंख्य ग्राहकांची मागणी एकत्र येते आणि एकाची गर्दी दुसऱ्याच्या शांततेत भरून निघते. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या कपाटात मोजकेच सर्व्हर असतात, आणि त्या परिसरातील माणसे बहुधा एकाच वेळी एकच गोष्ट करत असतात. मैदानात सामना रंगला की सगळ्यांचेच फोन कामाला लागतात. रांगांच्या गणितातील सर्वांत साध्या नमुन्यानुसार सर्व्हर ५० टक्के व्यग्र असेल, तर कामाला रांगेसह सरासरी दुप्पट वेळ लागतो. तो ९० टक्के व्यग्र असला तर दहापट, आणि ९५ टक्क्यांवर वीसपट. लहान सर्व्हरावर ही चढण क्षणात गाठली जाते, म्हणून एजवर वाटपाची चूक क्लाउडपेक्षा, म्हणजे दूरच्या मोठ्या डेटा सेंटरपेक्षा, फार महाग पडते.

काम उपकरणावरच करावे की सर्व्हरकडे पाठवावे, या निर्णयाला ऑफलोडिंग म्हणतात. समजा, एका प्रतिमेच्या विश्लेषणाला प्रोसेसरची १०० कोटी आवर्तने लागतात आणि प्रतिमा २ मेगाबाइटची, म्हणजे १६ मेगाबिटची आहे. सेकंदाला १०० कोटी आवर्तने करणारा फोन ते काम १ सेकंदात उरकतो. सर्व्हर त्याच्या दसपट वेगवान असेल आणि दुवा ४० मेगाबिट प्रतिसेकंदाचा असेल, तर पाठवण्यास ०.४ आणि संगणनास ०.१ असे ०.५ सेकंद लागतात. उत्तराचा आकार नगण्य असल्याने परतीचा वेळ सोडून देता येतो. अर्थात पाठवणे फायद्याचे. पण तोच दुवा चार जणांत वाटला गेला, तर नुसते पाठवण्यातच १.६ सेकंद जातात आणि चौघांनीही काम स्वतःकडे ठेवले असते तर बरे झाले असते. एकाचा योग्य निर्णय असा इतरांच्या निर्णयांवर अवलंबून असतो. म्हणून या प्रश्नाची मांडणी खेळ-सिद्धांताच्या भाषेतही झाली. ठरावीक गृहीतकांखाली स्वार्थाने वागणारी उपकरणेही नॅश समतोलापर्यंत, म्हणजे एकट्याने निर्णय बदलून कोणाचाच फायदा होणार नाही अशा स्थितीपर्यंत, पोहोचतात, असे त्यातून दाखवता आले. तो समतोल सर्वांच्या एकत्रित हिताचा सर्वोत्तम बिंदू असेलच, असे मात्र नाही.

ऊर्जेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. प्रोसेसरच्या प्रत्येक आवर्तनाला लागणारी ऊर्जा साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला, तर काम निम्म्या वेळेत होते, पण बॅटरी चौपट खर्ची पडते. त्यामुळे विलंब आणि ऊर्जा ही दोन उद्दिष्टे एकमेकांविरुद्ध ओढतात, आणि त्यांना किती वजन द्यायचे हे माणसाने ठरवायचे असते.

गणिती पद्धती आणि त्यांची मर्यादा : ३० उपकरणांनी ‘इथे की तिथे’ एवढेच ठरवायचे म्हटले तरी १०७ कोटींहून अधिक शक्यता होतात. त्यांत बँडविड्थ आणि प्रोसेसरचे अपूर्णांकी वाटे मिसळले, की पूर्णांक व वास्तव संख्या एकत्र असलेला, अचूक सोडवायला अत्यंत अवघड असा प्रश्न तयार होतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या पुढाकाराने झालेल्या २०१० मधील ‘माउई’ या प्रकल्पात प्रोग्रामचा कोणता भाग फोनबाहेर पाठवायचा हे पूर्णांक रेषीय प्रोग्रॅमिंगने ठरवले जाई. ते गणित सोडवण्याचे कामही फोनवर न करता सर्व्हरवरच होई, कारण निर्णय घेण्यातच बॅटरी खर्च झाली असती. ही अडचण या विषयाची पाठ अजून सोडत नाही.

भविष्यातील मागणी माहीत नसताना वाटप करण्याची एक भक्कम पद्धत गणितज्ञ ल्यापुनोव्ह यांच्या स्थैर्य-सिद्धांतावर उभी आहे. संपर्कजालांसाठी तिची सविस्तर मांडणी मायकेल नीली यांनी केली. प्रत्येक क्षणी रांगांची वाढ आणि खर्च यांची भारित बेरीज कमीत कमी करायची, एवढाच तिचा नियम आहे. खर्चाचे वजन वाढवले, तर सरासरी खर्च आदर्शाच्या अधिकाधिक जवळ जातो, पण रांगा त्याच प्रमाणात लांबतात. मागणीचे संभाव्यता-वितरण ठाऊक नसतानाही हे सिद्ध करता येते, आणि मशीन लर्निंगच्या बहुतेक पद्धतींना अशी हमी देता येत नाही. तिची उणीव अशी, की ती क्षणापुरते पाहते. दररोज सायंकाळी सातला गर्दी होते, ही गोष्ट ती कधीच शिकत नाही.

शिकण्याच्या पद्धती : शिकण्याचा पहिला उपयोग अंदाजासाठी होतो. मागील मागणीवरून पुढच्या काही मिनिटांची मागणी वर्तवण्यासाठी होखरायटर आणि श्मिडह्युबर यांची १९९७ मधील एलएसटीएम ही न्यूरल नेटवर्कची रचना बरीच वापरली गेली. इथे चुकांची किंमत सारखी नसते. अंदाज जास्त निघाला तर थोडी वीज वाया जाते, कमी निघाला तर रांग फुगते. त्यामुळे दोन्ही चुकांना सारखे लेखणारे प्रशिक्षण कागदावर अचूक ठरूनही प्रत्यक्षात नुकसान करते.

कोणता सर्व्हर सध्या मोकळा आहे हे उपकरणाला दिसत नसेल, तर वापरून पाहणे एवढाच मार्ग उरतो. संख्याशास्त्रात हा ‘मल्टि-आर्म्ड बँडिट’चा प्रश्न म्हणून परिचित आहे, आणि त्यावरचे विल्यम थॉम्प्सन यांचे काम थेट १९३३ मधले आहे. आतापर्यंत चांगला ठरलेला सर्व्हर निवडावा की कमी अजमावलेल्याला संधी द्यावी, याचा तोल या पद्धती राखतात. त्यांचा हिशेब इतका हलका असतो, की तो साध्या सेन्सरलाही पेलतो. संशोधनात त्यांना मिळते त्याहून अधिक लक्ष मिळायला हवे.

आजचा निर्णय उद्याची रांग घडवतो, तिथे रीइन्फोर्समेंट लर्निंग उपयोगी पडते. रांगांची लांबी, रेडिओची स्थिती आणि बॅटरी मिळून ‘स्थिती’ होते. काम कुठे पाठवायचे ही ‘कृती’, आणि विलंब व ऊर्जा कमी झाल्याचे ‘बक्षीस’. क्रिस वॉटकिन्स यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या क्यू-लर्निंगमध्ये प्रत्येक स्थिती-कृतीच्या जोडीसाठी तक्त्यात एक संख्या ठेवली जाते. सर्व्हर आणि उपकरणे वाढली की हा तक्ता आवाक्याबाहेर जातो. डीपमाइंडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तक्त्याच्या जागी खोल न्यूरल नेटवर्क ठेवून अटारीचे ४९ खेळ शिकवले, आणि हीच कल्पना नंतर संपर्कजालांच्या वाटपाकडे वळली. बँडविड्थचा वाटा यासारख्या सलग राशी ठरवण्यासाठी त्याच वर्षी मांडलेली डीडीपीजी ही पद्धत वापरतात.

एमआयटी आणि मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांच्या २०१६ मधील ‘डीपआरएम’ या प्रयोगात एक लक्षणीय गोष्ट दिसली. तो एजसाठी नव्हता, सर्व्हरसमूहातील कामांच्या वाटपासाठी होता. तिथे शिकलेले धोरण जागा मोकळी असतानाही मोठे काम कधी कधी थांबवून ठेवी, म्हणजे लवकरच येऊ शकणाऱ्या छोट्या कामांना वाट मिळे. हा डाव कोणी लिहून दिलेला नव्हता.

एजच्या प्रश्नात शिकणे आणि गणित यांची सर्वांत समजूतदार विभागणी ‘ड्रू’ या पद्धतीत आढळते. लियांग ह्वांग, सूझी बी आणि यिंग-जुन अँजेला झांग यांनी ती २०१८ मध्ये मांडली. रेडिओची स्थिती पाहून न्यूरल नेटवर्क ‘इथे की तिथे’ या निर्णयांचे थोडेच उमेदवार-संच सुचवते. प्रत्येक संचासाठी उरलेले वाटप गणिताने काटेकोर सोडवले जाते. जो संच सर्वांत चांगला ठरतो, तोच पुढच्या प्रशिक्षणाचा धडा होतो. ३० उपकरणांच्या जालात हा निर्णय एक दशांश सेकंदाच्या आत होतो, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. ज्या भागाचे गणित नेमके सुटते, तो शिकणाऱ्या यंत्राच्या हवाली करण्यात काही लाभ नाही. न्यूरल नेटवर्ककडे फक्त शक्यतांचे जंगल द्यावे, हेच शहाणपणाचे आहे.

मशीन लर्निंग हेच काम : एजवर वाटायच्या कामांत न्यूरल नेटवर्क चालवण्याचे कामही असते. मिशिगन विद्यापीठातून २०१७ मध्ये आलेल्या ‘न्यूरोसर्जन’ या प्रणालीने नेटवर्कचे सुरुवातीचे थर फोनवर आणि पुढचे सर्व्हरवर चालवले. काही मधल्या थरांतून निघणारी माहिती मूळ चित्रापेक्षा लहान असते, म्हणून तिथे काप घेतला की पाठवण्याचा वेळ वाचतो. काप कुठे घ्यायचा हे नेटवर्कची रचना, दुव्याचा वेग आणि सर्व्हरवरचा भार पाहून दर वेळी ठरते. सर्व काही क्लाउडकडे पाठवण्याच्या तुलनेत या प्रयोगांत विलंबात सरासरी ३.१ पट सुधारणा झाली.

प्रशिक्षणही एजवर होते. गूगलच्या ब्रेंडन मॅकमहन आणि सहकाऱ्यांच्या फेडरेटेड लर्निंगमध्ये कच्ची माहिती उपकरणातच राहते, फक्त शिकलेल्या बदलांची देवाणघेवाण होते. उपकरणाने मध्येच न पाठवता स्वतःशी अधिक शिकून घेतले, तर देवाणघेवाणीच्या फेऱ्या १० ते १०० पटींनी कमी होतात, असे त्यांनी २०१७ मध्ये दाखवले. कोणत्या फेरीत कोणती उपकरणे घ्यायची हा पुन्हा साधनवाटपाचाच प्रश्न ठरतो. फक्त वेगवान फोन घेतले, तर फेरी लवकर संपते, पण जुने फोन वापरणाऱ्यांची भाषा आणि सवयी मॉडेलपर्यंत पोहोचत नाहीत.

उणिवा : बक्षीस म्हणून केवळ सरासरी विलंब दिला, तर यंत्र कमकुवत सिग्नल असलेल्या दूरच्या वापरकर्त्याला डावलायला शिकते, कारण सरासरी सुधारण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग असतो. हा दोष यंत्राचा नाही, उद्दिष्ट लिहिणाऱ्याचा आहे, आणि टॉवरपासून लांब असलेल्या वाडी-वस्तीसाठी तो गंभीर आहे. फ्रँक केली यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या प्रमाणशीर न्यायाच्या कसोटीत प्रत्येकाच्या वाट्याच्या लॉगरिदमची बेरीज वाढवली जाते. कोणाचाही वाटा शून्याकडे जाऊ लागला, की ती बेरीज कोसळते. अशी कसोटी बक्षिसातच गुंफणे शक्य आहे आणि ते करायला हवे.

शिकण्यासाठी चुका कराव्या लागतात, आणि चालू जालातील चूक खऱ्या माणसाचा कॉल तोडू शकते. म्हणून प्रशिक्षण बहुधा सिम्युलेटरमध्ये होते. एजक्लाउडसिम आणि मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या यांच्या प्रयोगशाळेतून आलेला आयफॉगसिम ही त्यांपैकी प्रचलित साधने. पण त्यांतील मागणी खऱ्या मागणीपेक्षा नीटनेटकी असते. नवा रस्ता खुला झाला किंवा एखादे ॲप अचानक लोकप्रिय झाले, की जुन्या मागणीवर घडलेले धोरण बिघडते आणि बिघडल्याचे स्वतःहून सांगत नाही. यावर उपाय म्हणून धोरणाभोवती कडक मर्यादा घालतात आणि ती ओलांडली जाताच साध्या नियमांकडे परततात.

वापरातील स्थान : ५जीच्या मानकांत जालाच्या माहितीचे विश्लेषण करणारा एनडब्ल्यूडीएएफ हा स्वतंत्र घटक आहे. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्सने शिकलेल्या धोरणांसाठी रेडिओ जालात दोन नियंत्रक ठेवले. एक सेकंदापेक्षा संथ निर्णयांसाठी, दुसरा १० मिलिसेकंद ते १ सेकंदाच्या निर्णयांसाठी. कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर ठेवायची आणि वापरकर्ता पुढच्या टॉवरकडे सरकताना तिचे स्थलांतर केव्हा करायचे, असे प्रश्न यांपैकी संथ पट्ट्यात मोडतात. ५जीमध्ये रेडिओचा एक स्लॉट, म्हणजे वेळेचा तुकडा, १ मिलिसेकंदाचा किंवा त्याहूनही लहान असतो. त्या वेगाने कोणाला कोणता स्लॉट द्यायचा हे काम प्रामुख्याने साध्या नियमांनी चालणाऱ्या शेड्यूलरकडेच असते, आणि शिकलेले धोरण त्या नियमांची मापे वरून बदलत राहते.