परतीची वाट : हक्कोदाच्या हिमवादळाचा धडा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकवताना सनावळीपेक्षा निर्णयांची चिकित्सा अधिक करीत. त्या परंपरेला अनुसरून मी आज एका लहानशा, पण भीषण घटनेचा विचार मांडणार आहे. आपल्याकडे हिवाळा म्हणजे डोंगर चढण्याचा हंगाम. पावसाळा सरला, आकाश निवळले की आपली मुले सह्याद्रीतले गड पालथे घालतात. तीच मुले आता जानेवारीत हिमालयात जाऊन बर्फावर तंबू ठोकतात. याचे मला कौतुक आहे. परंतु सह्याद्रीतला हिवाळा आणि हिमप्रदेशातला हिवाळा यांत नावाखेरीज फारसे साम्य नाही. हा भेद न ओळखल्यास काय होते, हे जपानमध्ये १९०२ साली दिसून आले.

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाशी आओमोरी हे शहर आहे आणि त्याच्या दक्षिणेस हक्कोदा ही पर्वतराजी. रशियाशी युद्ध होण्याची चिन्हे तेव्हा दिसू लागली होती. शत्रूने किनाऱ्यालगतचे मार्ग तोडले, तर ऐन हिवाळ्यात डोंगरांतून सैन्य नेता येईल काय, हे अजमावणे आवश्यक वाटत होते. त्यासाठी आओमोरीच्या पाचव्या पलटणीची २१० माणसे २३ जानेवारी १९०२ रोजी निघाली. कॅप्टन कान्नारी बुनकिची यांच्याकडे नेतृत्व होते. ताशिरो येथील उष्ण पाण्याचे झरे हा मुक्काम, अंतर सुमारे २० किलोमीटर. पैकी ११ माणसे वाचली आणि १९९ मरण पावली.

हा केवळ निसर्गाचा कोप होता काय? थंडी असामान्य होती, यात शंका नाही. २५ जानेवारीला होक्काइदो बेटावरील आसाहिकावा येथे उणे ४१ अंश तापमान नोंदले गेले, आणि जपानमधला तो नीचांक आजही कायम आहे. तथापि घटनाक्रम पाहिला, तर वादळापूर्वीच काही गोष्टी ठरून गेल्या होत्या असे दिसते.

पहिली गोष्ट पूर्वतयारीची. १८ जानेवारीला एका तुकडीने काही अंतरापर्यंत जाऊन पाहिले होते. त्या दिवशी हवा स्वच्छ होती आणि फेरी सुखरूप पार पडली. सुदैवाने मिळालेले यश योग्यतेचा पुरावा मानले गेले. दुसरी गोष्ट अंतराच्या हिशेबाची. वीस किलोमीटर ही सडकेवर एका दिवसाची मजल, पण कमरेइतक्या बर्फात किलोमीटरांना अर्थ राहत नाही, तास मोजावे लागतात. धान्य, सरपण, कोळसा आणि भांडी लादलेल्या १४ घसरगाड्या चढणीवर रुतू लागल्या. तिसरी गोष्ट वाटाड्यांची. पायथ्याच्या तामोगिनो गावातील लोकांनी पुढे जाऊ नका, जाणारच असाल तर वाटाड्या घ्या, असे सांगितल्याचे म्हणतात. वाटाड्या घेतला गेला नाही.

दुपारी हवा बिघडली, तेव्हा परत फिरावे असे लष्करी डॉक्टरांनी सुचवले. काही हाताखालचे अधिकारी पुढे जाण्यास उत्सुक होते. शिवाय मेजर यामागुची हे वरिष्ठ सोबत होते, त्यामुळे अंतिम शब्द कोणाचा, हेही संदिग्ध झाले. आमच्या मते त्या दिवसाचा निर्णायक क्षण हाच. तेव्हा परतीची वाट पाऊलखुणांनी दिसत होती. अंधार पडल्यावर ती बुजली. मुक्कामापासून थोड्याच अंतरावर माणसांनी बर्फात खड्डे खणले, पण जमीन लागली नाही. विस्तव पेटवला की खालचा बर्फ वितळून चूल खचे, आणि भात अर्धाकच्चा राही. मध्यरात्रीनंतर थकलेल्या, भिजलेल्या माणसांना उठवून परतीस काढले. वाट चुकली. ताशिरोचा मार्ग ठाऊक असल्याचे एका कनिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले आणि त्याच्यामागून सारे खोल घळीत उतरले. २७ जानेवारीस शोधपथकाला बर्फात उभा असलेला कॉर्पोरल गोतो फुसानोसुके जिवंत सापडला, तेव्हा कोठे या अनर्थाचा पत्ता लागला. वाचलेल्यांपैकी बहुतेकांचे हातपाय कापावे लागले.

त्याच दिवसांत हिरोसाकीच्या एकतिसाव्या पलटणीचे कॅप्टन फुकुशिमा ताइझो ३७ सैनिक आणि एक वार्ताहर यांना घेऊन, विरुद्ध दिशेने, त्याच डोंगरांतून आले. त्यांचा प्रवास पाचव्या पलटणीच्या मार्गाच्या कितीतरी पट लांबीचा होता. त्यांनी आदल्या वर्षी इवाकी पर्वतावर हिवाळी कूच करून पाहिले होते. तुकडी लहान ठेवली, गावागावांत मुक्कामाची सोय आधी सांगून ठेवली, ठिकठिकाणी वाटाडे घेतले. त्यांचा एकही मनुष्य दगावला नाही.

ही तुलना जपानमध्ये सर्वश्रुत आहे. नित्ता जिरो यांच्या १९७१ च्या कादंबरीने आणि १९७७ च्या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. एक नेता शहाणा आणि दुसरा अविचारी, असा सोपा निष्कर्ष तीतून काढला जातो. मला तो अपुरा वाटतो. फुकुशिमांनाही ताशिरोचे झरे सापडले नाहीत. अखेरच्या टप्प्यात त्यांना वाट दाखवणाऱ्या सात ग्रामस्थांना हिमदंश झाला. त्यांना प्रत्येकी दोन येन देऊन निरोप दिला गेला आणि पाहिले ते बोलू नका, अशी ताकीद मिळाली. ही हकीकत बऱ्याच वर्षांनी उजेडात आली. म्हणजे ज्याला आपण निर्दोष यश म्हणतो, त्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली होती.

म्हणून निकालावरून निर्णयाची पारख करू नये, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. सुखरूप परतलेली सहल सुविचारित असेलच असे नाही. ती १८ जानेवारीची फेरीही असू शकते. शिक्षकांनी आणि पालकांनी विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वी ठरली होती काय? तो शब्द कोणाचा, हे सर्वांना ठाऊक होते काय? सर्वांत दुबळ्या सोबत्याच्या चालीने हिशेब केला काय? मुक्काम सापडलाच नाही, तर रात्र कशी काढावयाची, हे ठरले होते काय? आणि त्या डोंगरात जन्म काढलेल्या माणसाचे म्हणणे ऐकले काय?

शाळेने मुलांना धाडस शिकवावे, यात वाद नाही. परंतु शिखर नजरेत असताना माघारी वळणाऱ्या मुलाची पाठ थोपटण्याची प्रथाही याच शाळेत पडावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी माझे भाषण संपवतो.