खिळे घासणारा मुलगा

नियतकालिकाचे मुखपृष्ठ खिळ्यांवर छापून घ्यावे, या हौसेने मी पुण्यातल्या एका जुन्या छापखान्यात गेलो. वृद्ध जुळाऱ्यांनी केसमधून एकेक खिळा उचलत शीर्षक जुळवले. अर्थात उलटे, आरशात दिसावे तसे. ‘क्ष’, ‘त्र’, ‘द्ध’, प्रत्येकाचा खण वेगळा. वीस वर्षे जोडाक्षरे शिकवूनही त्यांना वजन असते, हे तोवर माझ्या ध्यानी आले नव्हते.

तिथेच जावजी दादाजी आठवले. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली हा गरीब मुलगा खिळे घासण्याच्या कामाला लागला. १८६४ साली त्याने खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना. अक्षरांच्या घडणीत राणोजी रावजी आरू यांची साथ होती. १८८६ पासून तेथून ‘काव्यमाला’ निघू लागली. संस्कृत ग्रंथ छापणे म्हणजे जोडाक्षरांची खरी कसोटी; ती ‘निर्णयसागर’ने अशी पार पाडली, की त्याची पाठशुद्धी प्रमाण मानली गेली.

आमच्या वाङ्मयेतिहासात १८७४ ची ‘निबंधमाला’ सविस्तर येते, खिळे मात्र तळटीपेत. मीही तसेच शिकवत आलो. त्या कालखंडावरचा माझा लेख दोन वर्षे पहिल्या वाक्यापाशी अडला होता. छापखान्याच्या पावतीच्या पाठीवर ते वाक्य लिहिले. त्यात चिपळूणकर नव्हते, खिळे घासणारी बोटे होती.

तोवर जुळाऱ्यांनी माझे शीर्षक सोडवून खिळे आपापल्या खणांत टाकायला सुरुवात केली होती.