यामागुची येथील प्रश्न : ख्रिस्ती नरककल्पना आणि जपानी पूर्वज

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील नरकाचा विचार बहुधा अग्नी, गंधक आणि यातना यांच्या वर्णनातच अडकून पडतो. आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कालमर्यादेचा प्रश्न. नरक किती काळ? तिसऱ्या शतकातील ओरिजेन या पंडिताने अखेरीस सर्व जीव ईश्वराकडे परततील अशी आशा मांडली होती. सहाव्या शतकात चर्चने ती पाखंड ठरविली. तत्पूर्वीच संत ऑगस्टीन यांनी ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात दंड अनंत असल्याचे प्रतिपादिले होते. फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेच्या १४४२ च्या आज्ञापत्राने तर चर्चबाहेर मरण पावणारे मूर्तिपूजक आणि यहुदी चिरंतन अग्नीत जातील असे घोषित केले. युरोपातील बहुतेकांचे वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा घेऊनच मेले होते. त्यामुळे हा नियम त्यांच्या घरात कोणाला टोचत नव्हता. ज्यांच्या घरात तो टोचणार होता त्यांना तो ऐकविला तेव्हा काय घडले, याची लेखी नोंद उपलब्ध आहे.

१५ ऑगस्ट १५४९ रोजी फादर फ्रान्सिस झेवियर जपानमधील कागोशिमा येथे उतरले. त्यांच्यासोबत अंजिरो हा त्याच गावचा मनुष्य होता. त्याचा बाप्तिस्मा १५४८ साली गोव्यात झाला होता. आरंभी अंजिरोच्या सांगण्यावरून ईश्वरासाठी ‘दाइनिची’, म्हणजे महावैरोचन बुद्ध, हाच शब्द योजला गेला! घोटाळा ध्यानी आल्यावर झेवियर यांनी तो टाकून ‘देउस’ हा लॅटिन शब्द स्वीकारला. १५५१ मध्ये यामागुचीच्या अधिपतीने त्यांना एक रिकामा विहार राहावयास दिला. तेथे भिक्षू व गृहस्थ येऊन वाद घालू लागले.

२९ जानेवारी १५५२ रोजी कोचीनहून लिहिलेल्या पत्रात झेवियर यांनी हे वाद नोंदविले आहेत. लोकांचा आक्षेप सरळ होता. ईश्वर दयाळू आहे, तर तुम्ही येईपर्यंत त्याने जपानी लोकांना आपली ओळख का दिली नाही? झेवियर यांचे उत्तर असे की, हत्या आणि चोरी वाईट आहे हे कोणी न शिकविताही मनुष्य जाणतो. ईश्वराचा नियम अंतःकरणात लिहिलेलाच असतो. उत्तर चतुर आहे, परंतु दुःख तर्काने शमत नाही. नवदीक्षित मंडळी विचारीत, दानाने वा प्रार्थनेने आमच्या आईवडिलांची सुटका होईल काय? झेवियर नाही म्हणत, आणि ती रडत. आपल्या स्नेह्यांना असे रडताना पाहून स्वतःलाही वाईट वाटले, हे त्यांनी लपविलेले नाही. हा कबुलीजबाब आम्ही आदराने वाचतो.

याच पत्रात जपानी भिक्षूंवर आरोप आहे की, आपण नरकातून सोडवू शकतो असे सांगून ते लोकांकडून दान घेत. विरोधकाचे विधान म्हणून हे झटकून टाकणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. मौद्गल्यायनाच्या कथेवर आधारलेला पितरांचा विधी जपानमध्ये केव्हाच रूढ झाला होता, आणि जेथे भय असते तेथे दलाल जमतात. मज्झिम निकायातील देवदूत सुत्तातही निरयाच्या यातना भयंकरच आहेत. मात्र पापकर्म संपेपर्यंतच त्या टिकतात, असे तेथे पुनःपुन्हा सांगितले आहे. यामागुचीच्या श्रोत्यांना नरक नवा नव्हता. त्याला अंत नाही, हे नवे होते.

झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. त्यांचे शव आज जुन्या गोव्यातील बॉम जेझस चर्चमध्ये आहे. पोप नवव्या पायस यांनी १८६३ मध्ये, स्वतःचा दोष नसताना सत्यधर्माविषयी अज्ञानी राहिलेल्यांना ईश्वर चिरंतन दंड देत नाही असे लिहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली तशा लोकांनाही तारण मिळू शकते हे मान्य केले. मधे चारशे तेरा वर्षे गेली. ज्यांचा दोष आहे त्यांच्यासाठी नरक चिरंतनच असल्याचे कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात पुन्हा सांगितलेले आहे.